प्रोसेसरचे कुलूप नेमके कुठे असते? गुणक खुला करण्याच्या जुन्या-नव्या पद्धती

धागाकर्ता : गुणकवेडा

या विभागात थोड्या थोड्या दिवसांनी एकच प्रश्न नवे कपडे घालून येतो : माझा प्रोसेसर लॉक केलेला आहे, तो ओव्हरक्लॉकिंगसाठी, म्हणजे ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्यासाठी, अनलॉक कसा करावा? त्यावर येणारी उत्तरे मात्र एकमेकांशी जुळत नाहीत. कोणी पेन्सिलीची हकीकत सांगतो, कोणी बायोस (संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणारा बोर्डावरचा प्रोग्राम) बदलायला सांगतो आणि कोणी ‘हे शक्यच नाही’ एवढे म्हणून विषय मिटवतो. गंमत अशी की हे तिघेही आपापल्या काळापुरते आणि आपापल्या चिपपुरते बरोबर असतात. घोळ होतो तो ‘अनलॉक’ हा एकच शब्द चार निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरल्यामुळे. त्यामुळे पद्धत विचारण्याच्या आधी कुलूप कुठे बसवलेले आहे हे शोधावे, असे मला वाटते. ते चिपच्या बाहेरच्या आवरणावर असू शकते, मदरबोर्डच्या चिपसेटमध्ये (बोर्डाचा कारभार पाहणाऱ्या चिपांमध्ये) असू शकते, बायोससोबत चढवल्या जाणाऱ्या मायक्रोकोडमध्ये (प्रोसेसरच्या आत चालणाऱ्या बारीक प्रोग्राममध्ये) असू शकते किंवा थेट सिलिकॉनमधल्या फ्यूजमध्ये (कारखान्यात एकदाच, कायमच्या ठरवलेल्या जोडण्यांमध्ये) असू शकते. पहिल्या तीन जागांची कुलुपे लोकांनी वेळोवेळी उघडली आहेत. चौथ्या जागेचे कुलूप घरी बसून उघडल्याचे एकही उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

थोडी उजळणी करतो. प्रोसेसरचा वेग म्हणजे बेस क्लॉक (मूळ ठोका) आणि गुणक (तो ठोका किती पट करायचा तो आकडा) यांचा गुणाकार. १०० मेगाहर्ट्झच्या बेस क्लॉकवर ४० चा गुणक असेल तर ४ गिगाहर्ट्झ वेग मिळतो. गुणक वाढवला तर फक्त प्रोसेसरचे कोअर (प्रत्यक्ष गणिते करणारे भाग) वेगाने चालतात. बेस क्लॉक वाढवला तर त्याला जोडलेले बाकीचे बिऱ्हाडही सोबत पळू लागते. म्हणूनच खुला गुणक हवाहवासा वाटतो आणि म्हणूनच उत्पादकांनी नेमका तोच बंद केला.

सुरुवातीला गुणक ठरवण्याचे काम मदरबोर्डवरच्या जंपरचे होते. १९९८ च्या सुमारास इंटेलने पेंटियम २ आणि सेलेरॉन मालिकांमध्ये तो चिपमध्येच पक्का करायला सुरुवात केली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये आलेल्या सेलेरॉन ३००ए या चिपची कीर्ती आजही टिकून आहे, पण तिचा गुणक कोणी उघडला नव्हता, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. गुणक ४.५ वर पक्का होता. लोकांनी ६६ मेगाहर्ट्झचा बस (त्या काळचा बेस क्लॉक) १०० वर नेला आणि ३०० मेगाहर्ट्झची चिप ४५० वर धावू लागली. ज्या बोर्डांवर बसचा वेग निवडण्याची सोय नव्हती, तिथे स्लॉट १ च्या बी२१ या संपर्कपट्टीवर चिकटपट्टीचा बारीक तुकडा किंवा नेलपॉलिशचा थेंब लावला की बोर्ड चिपला १०० च्या बसची समजून चालवत असे. कुलूप तसेच ठेवून शेजारच्या खिडकीतून आत शिरण्याची ही युक्ती पुढच्या पंचवीस वर्षांत वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा दिसते.

खरे कुलूप उघडण्याचा काळ एएमडीच्या चिपांनी आणला. १९९९ च्या स्लॉट ए अॅथलॉनमध्ये प्लास्टिकचे आवरण काढल्यावर सर्किट बोर्डाच्या कडेला एक छोटी जोडणी मिळत असे. तिच्यावर ‘गोल्डफिंगर’ या नावाने ओळखले जाणारे छोटे उपकरण बसवून गुणक आणि व्होल्टेज बदलता येत असे. २००० साली आलेल्या सॉकेट ए च्या थंडरबर्ड आणि ड्यूरॉन चिपांवर तर कुलूप डोळ्यांना दिसतच होते. सिरॅमिकच्या आवरणावर एल१ नावाचे बारीक पूल होते आणि ते कारखान्यात लेझरने तोडलेले असत. मऊ शिशाच्या पेन्सिलीने ते एकेक करून जोडले की गुणकाचे संकेत मदरबोर्डाच्या हाती येत, कारण ग्रॅफाइट वीज वाहून नेते. अर्थात बोर्डावरही गुणक निवडण्याची सोय असावी लागे. ती नसेल तर पेन्सिलीचा काहीच उपयोग नव्हता.

२००१ च्या अॅथलॉन एक्सपीमध्ये आवरण सिरॅमिकऐवजी सेंद्रिय पदार्थाचे झाले आणि पूल तोडताना लेझर तिथे खड्डा पाडू लागला. त्या खड्ड्याच्या तळाशी तांब्याचा थर उघडा पडलेला असे. पेन्सिल किंवा चांदीचा वाहक रंग सरळ त्यात उतरला तर संकेत पलीकडे जाण्याऐवजी अर्थिंगला मिळत असे. म्हणून आधी खड्डा सुपरग्लूने भरायचा, तो वाळू द्यायचा, पृष्ठभाग सपाट करायचा आणि मग वरून वाहक रंगाची रेघ ओढायची, असा क्रम ठरला. २००३ च्या शेवटच्या तिमाहीपासून एएमडीने कुलूप चिपच्या आतच नेले आणि डेस्कटॉप अॅथलॉन एक्सपीचा हा अध्याय बराचसा संपला. मात्र लॅपटॉपसाठीच्या एक्सपी-एम चिपा खुल्याच राहिल्या, कारण वीज वाचवण्यासाठी त्यांना चालता चालता गुणक बदलावा लागत असे. त्यामुळे जाणकार लोक लॅपटॉपची चिप आणून डेस्कटॉपच्या बोर्डावर बसवू लागले.

इंटेलच्या बाजूला २०११ च्या जानेवारीतल्या सँडी ब्रिज या प्रोसेसर-पिढीने खेळाचे नियमच बदलले. क्लॉक तयार करणारा भाग चिपसेटमध्ये गेला आणि १०० मेगाहर्ट्झच्या त्याच ठोक्यावर पीसीआय एक्सप्रेस (ग्राफिक्स कार्डाची जोडणी), साटा (डिस्कची जोडणी), सगळेच चालू लागले. बेस क्लॉक पाच-सात टक्के वाढवला तरी डिस्क दिसेनाशी होण्याची भीती निर्माण झाली. शेजारची खिडकीही बंद झाली. उरले ते नावाच्या शेवटी के अक्षर असलेले, म्हणजे खुल्या गुणकाचे प्रोसेसर आणि त्यांच्यासोबत पी किंवा झेड मालिकेचा बोर्ड. तरी त्या पिढीत एक सवलत होती, ती आता विसरली गेली आहे : के नसलेल्या आय५ आणि आय७ चिपांना टर्बोच्या (चिप गरजेनुसार स्वतःहून गाठते त्या वाढीव वेगाच्या) वर चार पायऱ्या चढता येत होत्या. आय५-२४०० चा टर्बो ३.४ चा होता, तो ३.८ पर्यंत नेता येत असे. हॅसवेल पिढीपासून ही सवलतही गेली.

एवढे सांगून थांबतो. स्कायलेक आणि त्यानंतरच्या गोष्टींचा प्रत्यक्ष अनुभव असलेले सदस्य इथे आहेत, त्यांनी पुढे लिहावे.

प्रतिसाद १ : जुनी_चिप

मांडणी आवडली. पेन्सिलीच्या प्रकरणात दोन गोष्टींची भर घालतो, कारण ती मी स्वतः केलेली आहे. पहिली गोष्ट अशी की ग्रॅफाइटचा पूल कायमचा नसतो. उष्णतेने आणि धुळीने त्याचा रोध वाढत जातो आणि एके दिवशी संगणक पुन्हा मूळ वेगावर सुरू होतो. माझ्या ६०० मेगाहर्ट्झच्या ड्यूरॉनचे असे झाले तेव्हा मी आधी बायोसला, मग रॅमला आणि शेवटी वीजपुरवठ्याला दोष दिला. पेन्सिलीची आठवण सर्वांत शेवटी झाली. दुसरी गोष्ट म्हणजे दोन शेजारच्या पुलांमध्ये रेघ घसरली तर चुकीचा गुणक लागतो किंवा यंत्र सुरूच होत नाही. मात्र आयसोप्रोपिल अल्कोहोलने सगळे पुसून टाकले की चिप पुन्हा कोरी होत असे. इतके सहज परतीचे दार नंतरच्या फार थोड्या पद्धतींत राहिले.

इंटेलच्या एलजीए ७७५ सॉकेटच्या काळातला एक प्रकार राहून गेला. त्या सॉकेटमध्ये चिप स्वतःचा बस वेग बीएसईएल नावाच्या संपर्कांमधून बोर्डाला सांगत असे. पेंटियम ड्युअल-कोअर ई२१६० मध्ये गुणक ९ आणि बस २०० चा होता, म्हणजे १.८ गिगाहर्ट्झ. ठरावीक संपर्कावर चिकटपट्टी लावली की बोर्ड तिला २६६ च्या बसची चिप समजत असे आणि वेग थेट २.४ वर जात असे. ज्या तयार संगणकांच्या बायोसमध्ये ओव्हरक्लॉकिंगचा एकही पर्याय नव्हता, तिथे ही चिकटपट्टी फार उपयोगी पडली. व्होल्टेज मात्र वाढवता येत नसे, त्यामुळे चिप मुळातच दमदार असावी लागे.

प्रतिसाद २ : सरळ_प्रश्न

मला एक मूलभूत शंका आहे. चिप जर जास्त वेगाने चालू शकते, तर उत्पादक कुलूप लावतातच कशाला? हा केवळ जास्त पैसे उकळण्याचा मार्ग नाही का?

प्रतिसाद ३ : गुणकवेडा

त्यात पैशाचा भाग आहे, हे नाकारता येणार नाही. पण सुरुवातीचे कारण खरोखर वेगळे होते. नव्वदच्या दशकात कमी वेगाच्या चिपवरचा शिक्का खोडून जास्त वेगाचा शिक्का मारणे आणि ती महाग चिप म्हणून विकणे हा एक धंदाच झाला होता. ग्राहकाला घरी नेल्यावर यंत्र अडखळल्यावरच संशय येत असे आणि तक्रार उत्पादकाकडे जात असे. गुणक पक्का केल्यावर ही फसवणूक बरीच अवघड झाली.

पुढे मात्र कुलुपाचा वापर बाजाराची उतरंड रचण्यासाठी होऊ लागला, हेही तितकेच खरे आहे. याचे सर्वांत उघड उदाहरण इंटेलनेच २०१० साली दिले. पेंटियम जी६९५१ या चिपसाठी ५० डॉलरचे कार्ड विकत घेऊन त्यावरचा संकेतांक एका प्रोग्राममध्ये भरला की बंद ठेवलेली एक मेगाबाइट कॅश (चिपमधली जलद स्मृती) आणि हायपरथ्रेडिंग (एका कोअरवर दोन कामे चालवण्याची सोय) चालू होत असे. पुढच्या वर्षी ही सोय काही सँडी ब्रिज चिपांनाही मिळाली. त्यांपैकी आय३-२१०२ ही चिप पैसे भरल्यावर ३.१ ऐवजी ३.६ गिगाहर्ट्झवर चालत असे. लोकांनी इतकी टीका केली की योजना २०११ मध्येच गुंडाळली गेली. मला मात्र तो प्रकार एका अर्थी प्रामाणिक वाटतो, कारण कुलूप आहे आणि किल्ली आमच्याकडे आहे, हे त्यात सरळ सांगितले होते.

प्रतिसाद ४ : चौथा_कोअर

उतरंडीचा विषय निघालाच आहे तर बंद कोअर उघडण्याचा उल्लेख हवा. तो गुणकाचा भाग नाही, पण ‘अनलॉक’ या शब्दाने बरेच लोक तेच समजतात. २००९ साली एएमडीच्या फेनम २ मालिकेतल्या एक्स३ ७२० आणि एक्स२ ५५० या चिपा मुळात चार कोअरच्याच होत्या. एक किंवा दोन कोअर बंद करून त्या विकल्या जात. एसबी७५० सारखा साउथब्रिज (चिपसेटचा एक भाग) असलेल्या बोर्डांवर अॅडव्हान्स्ड क्लॉक कॅलिब्रेशन नावाची एक सोय होती. ती वेग स्थिर राहावा म्हणून दिलेली होती, पण काही बायोस आवृत्त्यांमध्ये ती चालू करताच झोपलेले कोअर जागे होत. या दोन्ही चिपा ब्लॅक एडिशन असल्याने त्यांचा गुणक आधीच खुला होता. त्यामुळे एकाच खरेदीत कोअरही मिळत आणि वेगही.

यात नशिबाचा वाटा मोठा होता. काही चिपांमधले कोअर फक्त मागणी भागवण्यासाठी बंद केलेले असत, तर काहींमध्ये ते खरोखर सदोष असत. सदोष कोअर जागा झाला तर विंडोज सुरू होत असे, खेळही चालत, आणि तीन तासांनी एखादी फाइल बिघडलेली सापडत असे. शिवाय कोअर उघडल्यावर त्यांचे तापमान वाचता येत नसे. म्हणजे ज्या वेळी तापमानाची सर्वाधिक गरज, नेमका त्याच वेळी तापमापक मुका.

प्रतिसाद ५ : बेसक्लॉकवाला

स्कायलेकबद्दल मी लिहितो. २०१५ च्या त्या पिढीत इंटेलने पीसीआय एक्सप्रेसचा ठोका बेस क्लॉकपासून वेगळा केला. के नसलेल्या चिपांचा बेस क्लॉक तरीही बंदच होता, पण तो बंद ठेवण्याचे काम फर्मवेअर (बायोससारखे हार्डवेअरमध्येच साठवलेले सॉफ्टवेअर) करत होते. डिसेंबर २०१५ मध्ये काही बोर्ड उत्पादकांनी असे बायोस दिले की ती तपासणी बाजूला पडली. आय५-६४०० चा गुणक २७ आहे. बेस क्लॉक १६७ वर नेला की ४.५ गिगाहर्ट्झ झाले. रॅमचा वेगही त्याच प्रमाणात वाढत असल्याने तिचा गुणक आधी खाली आणावा लागे, हे विसरणाऱ्यांना यंत्र सुरूच होत नाही असा अनुभव येई.

या युक्तीची किंमत लोक सांगत नाहीत, ती सांगतो. टर्बो बंद होत असे, वीज वाचवणाऱ्या झोपेच्या अवस्था बंद होत, चिपमधले ग्राफिक्स बंद होत असे, कोअरचे तापमान चुकीचे दिसे आणि सर्वांत वाईट म्हणजे एव्हीएक्स सूचनांचा (एकाच वेळी अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या सूचनांचा) वेग प्रचंड घसरत असे. खेळ खेळणाऱ्याला फायदा दिसला. पण व्हिडिओचे एन्कोडिंग करणाऱ्याचे यंत्र ४.५ गिगाहर्ट्झवरही मूळपेक्षा मंद वाटू शकत होते. काही महिन्यांतच, २०१६ च्या सुरुवातीला, इंटेलने नव्या मायक्रोकोडमधून हे दार बंद केले आणि बोर्ड उत्पादकांनी ते बायोस आपल्या संकेतस्थळांवरून उतरवले.

नेमके असेच नाट्य २०२२ च्या जानेवारीत बाराव्या पिढीच्या वेळी पुन्हा घडले. ज्या बोर्डांवर बेस क्लॉकसाठी स्वतंत्र क्लॉक जनरेटर आहे, तिथे आय५-१२४०० चा बेस क्लॉक १३० पर्यंत नेता येतो. सर्व कोअरचा गुणक ४० असल्याने ५.२ गिगाहर्ट्झ मिळतात. सुरुवातीला असे जनरेटर फक्त महागड्या झेड६९० बोर्डांवर होते, नंतर थोड्या बी६६० बोर्डांवरही आले. अट अशी की जुन्या मायक्रोकोडचा बायोस ठेवावा लागतो. नव्या आवृत्तीत हा पर्याय नाहीसा होतो. के नसलेल्या चिपांमध्ये सिस्टिम एजंटचे (रॅमशी बोलणाऱ्या भागाचे) व्होल्टेज बदलता येत नाही, त्यामुळे वेगवान रॅम लावूनही ती पूर्ण वेगाने चालेलच असे नाही. पुन्हा एकदा : इथेही गुणक उघडलेला नाही, खिडकीच सापडलेली आहे.

प्रतिसाद ६ : गुणकवेडा

‘नव्या आवृत्तीत नाहीसा होतो’ या वाक्यावर थोडे थांबावेसे वाटते. बाराव्या पिढीच्या चिपांमध्ये एव्हीएक्स-५१२ ची कथाही अशीच झाली. छोटे कोअर बंद केले की मोठ्या कोअरवर ती सोय मिळत असे. आधी ती मायक्रोकोडने बंद केली, लोक जुने बायोस जपून ठेवू लागले, आणि मग पुढच्या चिपांमध्ये ती फ्यूजनेच बंद होऊन आली. मायक्रोकोडमधले कुलूप म्हणजे उत्पादकाची पहिली प्रतिक्रिया असते, फ्यूज ही दुसरी. म्हणून जुनी चिप घेताना तिचा उत्पादन-काळ विचारणे शहाणपणाचे ठरते.

प्रतिसाद ७ : अठरा_कोअर

मायक्रोकोडच्या वर्गातले माझ्या मते सर्वांत देखणे उदाहरण राहिले आहे. २०१४ च्या हॅसवेल-ईपी पिढीतल्या इंटेलच्या सर्व्हरसाठीच्या झिऑन ई५ व्ही३ चिपांचा गुणक बंद आहे. पण त्यांच्यात चिपमध्ये मुळात असलेल्या मायक्रोकोडवर नवी दुरुस्ती चढवलीच नाही, तर एक त्रुटी उघडी राहते : एका कोअरसाठी राखलेला सर्वोच्च टर्बो गुणक सर्व कोअरना एकाच वेळी लावता येतो. ई५-२६९९ व्ही३ मध्ये १८ कोअर आहेत. सर्व कोअर चालू असताना ती २.८ वर चालते आणि एकाच कोअरवर ३.६ पर्यंत जाते. या युक्तीने अठराही कोअरना ३.६ ची परवानगी मिळते.

पद्धत साधारण अशी आहे. बायोसच्या प्रतिमेतून (पूर्ण बायोसच्या फाइलमधून) त्या चिपचा मायक्रोकोड काढून टाकायचा आणि ती बदललेली प्रतिमा बोर्डावर चढवायची. मग ऑपरेटिंग सिस्टिमच्या आधी चालणारा एक ईएफआय (बायोसचे नवे रूप) ड्रायव्हर टर्बोचे गुणक लिहितो. विंडोज आणि लिनक्स दोन्ही सुरू होताना स्वतःचा मायक्रोकोड चढवतात, त्यामुळे तेही थांबवावे लागते. ड्रायव्हरने काम केल्यावर मात्र १४५ वॉटची मर्यादा तशीच असते. अठरा कोअर ३.६ वर नेण्याआधीच ती मर्यादा आड येते, म्हणून त्याच ड्रायव्हरमधून व्होल्टेज थोडे कमी करून तेवढ्याच वॉटमध्ये जास्त वेग काढतात. ई५ व्ही४ मध्ये ही त्रुटी नाही; केवळ नाव जवळचे आहे म्हणून व्ही४ घेऊन फसू नये.

यात एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. मायक्रोकोड न चढवणे म्हणजे २०१८ पासून आलेल्या स्पेक्टर आणि तत्सम सुरक्षा-त्रुटींवरच्या मायक्रोकोडमधल्या दुरुस्त्याही न घेणे. ज्या यंत्रावर बँकेचे व्यवहार होतात किंवा अनोळखी लोकांचे प्रोग्राम चालतात, त्यावर मी हे करणार नाही. माझे यंत्र फक्त त्रिमितीय चित्रे रेंडर करते आणि त्याला इंटरनेटची जोडणी नाही.

प्रतिसाद ८ : तापमापक

वेगाच्या आकड्यांनी हुरळून जाण्यापूर्वी थोडा हिशोब करावा. चिपला लागणारी वीज वारंवारतेच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा १.२० व्होल्टवर ४ गिगाहर्ट्झ चालत होते आणि ४.८ साठी १.३५ व्होल्ट द्यावे लागले. वेग २० टक्के वाढला; वीज मात्र १.२ गुणिले १.२६५, म्हणजे सुमारे ५२ टक्के वाढली, आणि यात गळतीच्या विजेचा हिशोब धरलेलाच नाही. स्वस्त बोर्डावर कुलूप उघडले तरी व्होल्टेज पुरवणारा विभाग तितका प्रवाह देण्यासाठी बांधलेला नसतो. प्रोसेसर थंड आणि बोर्डाचे मॉस्फेट (त्या वीजविभागातले स्विच) शंभर अंशांवर, असे दृश्य मी अनेकदा पाहिले आहे.

स्थिरतेच्या चाचणीबद्दलही एक सूचना. दहा मिनिटे प्राइम९५ हा ताण देणारा प्रोग्राम चालला म्हणजे झाले असे समजू नये. बेस क्लॉक वाढवलेल्या यंत्रात रॅम, कॅश आणि कोअर तिन्ही हललेले असतात, त्यामुळे आधी मेमटेस्ट८६ ने रॅम तपासावी, मग कोअरवर ताण द्यावा, आणि विंडोजच्या नोंदींमध्ये हार्डवेअरने स्वतःच दुरुस्त केलेल्या चुका आल्या आहेत का ते पाहावे. यंत्र बंद पडत नाही याचा अर्थ ते चुकत नाही असा होत नाही.

प्रतिसाद ९ : रायझनप्रेमी

चर्चा इंटेलभोवतीच फिरते आहे म्हणून विचारतो. २०१७ पासून एएमडीच्या बहुतेक सर्व डेस्कटॉप रायझनचे गुणक खुले आहेत, मग तिथे हा प्रश्न संपलाच आहे ना?

प्रतिसाद १० : बेसक्लॉकवाला

बराचसा संपला आहे, पण पूर्ण नाही. ए३२० सारख्या चिपसेटवर गुणक हलवण्याची सोय नाही. तिथे चिप खुली असूनही दार बोर्डाने बंद केलेले असते, म्हणून बी किंवा एक्स मालिकेचा बोर्ड लागतो. दुसरा अपवाद २०२२ च्या ५८००एक्स३डी चा. तिच्या कोअरवर कॅशचा आणखी एक थर चढवलेला आहे आणि तो जास्त व्होल्टेज सहन करत नाही, म्हणून व्होल्टेजची मर्यादा १.३५ ठेवून गुणक बंद केला. हे कुलूप मला तरी न्याय्य वाटते. त्या चिपवर लोक वेग वाढवण्याऐवजी कोअरचे व्होल्टेज खाली आणतात; चिप थंड राहते आणि स्वतःहून टर्बोवर जास्त वेळ टिकते. २०२४ च्या ९८००एक्स३डी मध्ये कॅशचा थर कोअरच्या खाली गेला आणि गुणकही खुला झाला.

प्रतिसाद ११ : सरळ_प्रश्न

२०२५ च्या सुरुवातीला गूगलच्या संशोधकांनी रायझनच्या मायक्रोकोडची डिजिटल सही बनावट करता येते असे दाखवल्याचे वाचले. मग त्यातून ५८००एक्स३डी चा गुणक उघडता येणार नाही का?

प्रतिसाद १२ : अठरा_कोअर

प्रश्न चांगला आहे, पण उत्तर निराशाजनक आहे. ती त्रुटी झेन १ ते झेन ५ या रायझनच्या पिढ्यांमध्ये होती. सही तपासताना जी पद्धत हॅश (मजकुराचा संक्षिप्त ठसा) म्हणून वापरली, ती त्या कामासाठी योग्य नव्हती आणि तिची किल्ली एका प्रमाण-दस्तऐवजातल्या उदाहरणातून जशीच्या तशी घेतलेली निघाली. त्यातून स्वतःचा मायक्रोकोड चढवता येतो हे खरे. मात्र मायक्रोकोड ठरवतो ते सूचना कशा पार पाडायच्या ते. वेग आणि व्होल्टेज ठरवणारा नियंत्रक रायझनमध्ये वेगळा आहे आणि त्याचे फर्मवेअर वेगळ्या सहीने तपासले जाते. एका खोलीची किल्ली सापडली म्हणून दुसरी खोली उघडत नाही.

प्रतिसाद १३ : लॅपटॉपधारी

माझ्या लॅपटॉपमध्ये आय७-९७५०एच आहे. बायोसमध्ये ओव्हरक्लॉकिंगचा पर्यायच दिसत नाही. एका ठिकाणी वाचले की बायोसचे लपवलेले चल (सेटिंग साठवणाऱ्या जागा) बदलून ‘ओव्हरक्लॉकिंग लॉक’ बंद करता येते. असे केल्याने गुणक खुला होईल का?

प्रतिसाद १४ : दग्धहस्त

माझे सदस्यनाव वाचून अंदाज आला असेलच. मी हेच केले होते. ईएफआयच्या कमांड ओळीतून चल बदलण्यासाठी दुसऱ्या एका सदस्याने दिलेला पत्ता जसाच्या तसा वापरला. लॅपटॉपचे मॉडेल तेच होते, पण बायोसची आवृत्ती वेगळी होती, आणि त्या आवृत्तीत त्याच पत्त्यावर भलताच पर्याय बसलेला होता. त्यानंतर पडदा उजळलाच नाही. बॅटरी काढून आणि बायोसची आठवण पुसूनही काही झाले नाही; शेवटी बोर्ड बाहेर काढून, बायोसच्या चिपवर क्लिप लावून, बाहेरच्या प्रोग्रामरने जुनी प्रतिमा परत लिहावी लागली. ती प्रतिमा मी आधी काढून ठेवली होती, एवढेच एक शहाणपण त्या दिवशी माझ्याकडून घडले होते. पत्ता नेहमी स्वतःच्या बायोसच्या प्रतिमेतूनच शोधावा, कोणाच्याही यादीवर विश्वास ठेवू नये, माझ्याही नाही.

प्रतिसाद १५ : गुणकवेडा

लॅपटॉपधारी यांच्या प्रश्नात दोन कुलुपे एकमेकांत मिसळली आहेत. ‘ओव्हरक्लॉकिंग लॉक’ हे फर्मवेअरने लावलेले कुलूप आहे. ते हेक्स (सोळा-आधारी आकडा) १९४ या पत्त्यावरच्या रजिस्टरमधल्या (चिपमधल्या नोंदीच्या खणातल्या) बिट २० मध्ये दिसते. डिसेंबर २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट नावाची त्रुटी जाहीर झाली. प्रोसेसरचे व्होल्टेज सॉफ्टवेअरमधून खाली ओढून सुरक्षित भागातली गणिते चुकवता येतात, असे तिच्यात दिसले. त्यानंतर अनेक लॅपटॉप उत्पादकांनी बायोसच्या नव्या आवृत्त्यांमध्ये हे कुलूप लावले. ते उघडले तर व्होल्टेज कमी करण्याची सोय परत मिळते.

गुणकाचे कुलूप मात्र वेगळे आहे. हेक्स सीई या रजिस्टरमधला बिट २८ हा टर्बोचे गुणक बदलता येतात की नाही ते सांगतो. तो फक्त वाचण्यासाठी असतो. कारखान्यात जे ठरले तेच तिथे दिसते. आधी काहीही न बदलता हे दोन्ही बिट फक्त वाचून पाहा.

प्रतिसाद १६ : लॅपटॉपधारी

आपण सांगितल्याप्रमाणे काहीही न बदलता दोन्ही बिट फक्त वाचले. पहिला म्हणजे बिट २० शून्य आहे, म्हणजे ते कुलूप लावलेलेच नाही. दुसरा म्हणजे बिट २८ सुद्धा शून्य आहे. पहिल्या शून्याने आनंद झाला होता. आता दुसऱ्याचा अर्थ काय घ्यावा?

प्रतिसाद १७ : गुणकवेडा

पहिल्या शून्याचा अर्थ असा की तुम्हाला बायोसचे कोणतेही चल बदलण्याची गरज नाही आणि दग्धहस्त यांच्या वाटेने जाण्याचे कारणही नाही. दुसऱ्या शून्याचा अर्थ असा की गुणक फ्यूजने बंद आहे. एचके अक्षरांच्या आय९-९९८०एचके मध्ये तिथे एक असता आणि आपली चर्चा वेगळी झाली असती.

तुमच्या चिपचा सर्वोच्च टर्बो ४.५ आहे आणि सहा कोअर पूर्ण ताणावर असताना लॅपटॉप तिथवर पोहोचतच नाही, कारण ४५ वॉटची मर्यादा आणि तापमान आधी आडवे येतात. थ्रॉटलस्टॉप या प्रोग्राममध्ये कोअर आणि कॅश दोन्हींचे व्होल्टेज ५० मिलिव्होल्टने खाली आणा, अर्धा तास पूर्ण ताणावर चालवा, चूक आली नाही तर आणखी १० ने उतरा. यंत्र अडखळले की शेवटच्या सुरक्षित आकड्यावर परत या आणि त्याहूनही १० मिलिव्होल्ट वर थांबा. या सेटिंग लगेच विंडोजसोबत आपोआप सुरू होतील असे ठेवू नका. आठवडाभर हाताने चालू करा, म्हणजे आकडा चुकला तरी एकदा बंद करून चालू केल्यावर यंत्र मूळ स्थितीत येईल. आणि बायोसची नवी आवृत्ती चढवण्यापूर्वी ती व्होल्टेजचे हे दार बंद करते का ते आधी वाचा, कारण बऱ्याच लॅपटॉपमध्ये नंतर जुन्या आवृत्तीवर परतता येत नाही.

प्रतिसाद १८ : लॅपटॉपधारी

कोअर आणि कॅश दोन्ही उणे ११० वर अडखळले, उणे १०० वर रात्रभर चालले. सध्या उणे ९० वर ठेवले आहे. पूर्ण ताणावर सर्व कोअर आधी ३.१ च्या आसपास येऊन स्थिरावत, आता ३.५ वर टिकतात. तापमान ९६ वरून ८८ वर आले आहे. बायोसच्या अद्ययावतीकरणाची आपोआप येणारी सूचना बंद केली आहे.

प्रतिसाद १९ : तापमापक

८८ हे अजूनही जास्त आहे. लॅपटॉप काही वर्षांचा असेल तर पंख्यातली धूळ काढून थर्मल पेस्ट बदला आणि मग आकडे पुन्हा द्या. त्यानंतर उणे १०० पुन्हा तपासून पाहायला हरकत नाही, कारण थंड चिपला त्याच वेगासाठी थोडे कमी व्होल्टेज पुरते.